माठ एकच होता, पण... महालातल्या एका जुन्या प्राथमिक शाळेच्या आठवणींचं प्रकरण

वाद सुरू झाला तो पाण्याच्या माठावरून. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या प्राथमिक शाळेचे माजी विद्यार्थी स्मरणिका काढायला जमले होते आणि लिहून आलेल्या आठवणींचं वाचन चालू होतं. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या लेखात ओळ होती, "आमच्या शाळेत जातपात नव्हती. सगळे एकाच माठातलं पाणी पीत असू." मागच्या रांगेतून एक काका बसल्या बसल्याच म्हणाले, "माठ एकच होता जी, पण आमाले त्याले हात लावू देत नव्हते." बँकवाले काका म्हणाले, असं काही नव्हतंच. मागचे म्हणाले, तुम्ही पुढे बसत होता. मग चहा आला आणि त्या दिवशी तेवढ्यावरच राहिलं.

त्या स्मरणिकेचं संपादन माझ्याकडे होतं. मी त्या शाळेचा विद्यार्थी नाही, आणि बहुधा म्हणूनच दोन्ही बाजूंना मी चाललो. पुढे जे झालं ते सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण जुन्या शाळांच्या स्मरणिका आता गल्लोगल्ली निघतात आणि हा पेच थोड्याफार फरकाने सगळीकडे येतो. बहुतेक ठिकाणी तो संपादकाच्या लाल पेनाखाली मिटतो. शाळेचं आणि माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. बरेच जण हयात आहेत, आणि यातल्या निम्म्या गोष्टी जातीच्या रकान्याशी जोडलेल्या आहेत.

शाळा आणि तिची मुलं

शाळा आधी नगरपालिकेची होती. १९५१ मध्ये नागपूरला महानगरपालिका झाली तशी ती महापालिकेची झाली. इमारत स्वतःची नव्हती. एका जुन्या वाड्याचा पुढचा भाग भाड्याने घेतलेला, वर कवेलू म्हणजे कौलं, मध्ये चौक, चौकात विहीर. पहिली-दुसरी ओसरीत, तिसरी-चौथी आतल्या दोन खोल्यांत. बसायला टाटपट्ट्या, त्याही सगळ्यांना पुरायच्या नाहीत. मार्चपासून शाळा सकाळची व्हायची, कारण दुपारी कवेलूंखाली जीव नकोसा व्हायचा. घड्याळ फक्त हेडमास्तरांच्या खोलीत होतं, आणि तेही एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर लावलं जायचं. ही मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. भोंगा वाजला की अर्ध्या मुलांचे बाप पाळीवर चढायचे किंवा उतरायचे, त्यामुळे घरच्या वेळा आणि शाळेच्या वेळा एकाच आवाजावर चालायच्या.

मुलं चार ठिकाणची होती. एक वाड्यांमधली. तेव्हा नागपूर राजधानी होतं, आधी मध्यप्रांत-वऱ्हाडाची आणि १९५० पासून मध्यप्रदेशची. त्यामुळे सेक्रेटरिएटात आणि वेगवेगळ्या कचेऱ्यांत कारकुनी करणारी पुष्कळ कुटुंबं महालात राहायची. दुसरी विणकरांची. घरात माग, आणि शाळेत यायच्या आधी कांड्या भरून यायचं, हे त्यांच्यातल्या प्रत्येकाने सांगितलं. बाजाराच्या दिवसाआधी ही मुलं गैरहजर असायची आणि दुसऱ्या दिवशी छडी खायची. तिसरी मिलमजुरांची. चौथी नाग नदीच्या पलीकडच्या वस्तीतली. ती शाळेत बहुतेक महार मुलांची वस्ती म्हणूनच ओळखली जायची.

माजी विद्यार्थ्यांचा गट कसा जमला, हे इथेच सांगायला हवं, कारण पुढचा घोळ तिथूनच सुरू होतो. एका आजोबांच्या नातवाने व्हॉट्सॲपवर गट उघडला. आजोबांकडे ज्यांचे फोन नंबर होते ते आधी आले, त्यांनी त्यांच्या ओळखीचे आणले. सुरुवातीचे जवळपास सगळे वाड्यांमधले होते. विणकरांची मुलं नंतर आली. नदीपलीकडचे काका आले ते भाजीबाजारात योगायोगाने भेट झाली म्हणून. १९५२ ते १९६२ या काळात चौथी पास झालेल्यांचा हा गट, म्हणजे आज सगळे सत्तरी-ऐंशीतले. त्यांच्या हातात पाटी-लेखणी होती, पुढे बोरू आणि दौत आली. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, अडीचकी पाठ होती, ती अजूनही आहे. एका आजींनी तर बैठकीत अडीचकी म्हणून दाखवली आणि चार लोकांच्या चुका काढल्या.

तारखा कुठे घसरतात

पहिल्या फेरीत आलेले लेख वाचताना माठाच्या आधी वेगळीच अडचण दिसली. लोकांना आठवतं ते खरं असतं, पण ते कोणत्या वर्षाचं, हे बहुधा चुकतं. पहिला नंबर मिळवणारे तर इतके निघाले की एकेका वर्गात चार-चार पहिले झाले. ते मी तसंच सोडून दिलं.

१९५९ ला चौथी पास झालेल्या एकांनी 'आमचं बालभारतीचं पुस्तक' यावर छान पानभर लिहिलं होतं. मुखपृष्ठाचा वास, पानांचा रंग, पहिल्या धड्यातलं चित्र. पण पाठ्यपुस्तक मंडळ २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झालं आणि त्याची पुस्तकं त्यानंतर आली. १९५९ च्या मुलाच्या हातात बालभारती असणं शक्यच नाही. त्यांना विचारलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मग ते माझ्या धाकट्या बहिणीचं असेल, मीच तिचा अभ्यास घ्यायचो. वास खरा, चित्र खरं, घरही तेच, फक्त पुस्तक बहिणीचं.

दुसऱ्या एकांनी लिहिलं होतं, बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी शाळा मध्येच सुटली आणि गुरुजी गंभीर होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता आणि वार रविवार. त्या दिवशी शाळा भरायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्याशी बोलताना ६ डिसेंबर निघाला, त्या दिवशी गुरुवार होता. बाबासाहेब गेल्याची बातमी दिल्लीहून आली. काका थोडं थांबून म्हणाले, तेच असेल, कारण थंडी होती आणि मी आईचं लुगडं पांघरून घरी आलो. ऑक्टोबरच्या मध्यात नागपुरात कुणी लुगडं पांघरत नाही.

अशा वेळी काही ठोकळ खुणा कामी आल्या. फी किंवा गोळ्या-बोरकुटाचा भाव आण्यांत सांगितला की १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, 'नया पैसा' म्हटलं की त्यानंतरचं. शाळेत सुकडी (दुष्काळात वाटलं जाणारं पौष्टिक पीठ) मिळायची म्हणणारा माणूस १९७२ च्या दुष्काळानंतरचा, म्हणजे ती बहुधा त्याच्या मुलांची आठवण. टकळीवर सूत काढलं म्हणणारा त्याआधीचा. वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद झाली आणि मूलोद्योगाचा, म्हणजे हातच्या उद्योगातून शिकवण्याचा, आग्रह धरला गेला, तेव्हापासून आपल्या भागातल्या शाळांत टकळी शिरली होती. ती किती वर्षं टिकली, हे शाळेशाळेवर होतं. इथे एकजण म्हणतात, टकळी फक्त साहेब तपासणीला आले की कपाटातून निघायची. मला हे खरं वाटतं.

या खुणांनी वर्षं जुळवली, पण माठाबद्दल त्या काहीच सांगत नव्हत्या. माठावर तारीख नसते.

नोंदवहीने काय सांगितलं

मग सगळ्यांच्याच तोंडून एक उपाय निघाला, शाळेतलं दाखल-खारीज रजिस्टर बघू. शाळा आता मूळ वाड्यात नाही. पट कमी झाल्यावर ती दुसऱ्या शाळेत विलीन झाली, पण जुनी रजिस्टरं कापडात बांधून लोखंडी कपाटात ठेवलेली आहेत. ती टिकली याचं कारण जिव्हाळा नाही. जात पडताळणी आहे. २००१ च्या कायद्याने जातीचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांची पद्धत घालून दिली. त्यात पुराव्यासाठी तारखा महत्त्वाच्या ठरतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबा या तारखांच्या आधी शाळेत गेले असतील तर त्यांची ओळ सापडायलाच हवी. म्हणून गेली कित्येक वर्षं जुन्या प्राथमिक शाळांच्या दारात अकरावी-बारावीच्या मुलांचे बाप उभे असतात. नागपुरात तर हलबा-कोष्टी प्रश्न आहेच, म्हणजे विणकर कोष्टींना हलबा म्हणून अनुसूचित जमातीत धरायचं की नाही, हा वाद. २००० सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विणकर वस्त्यांमधल्या घरांना एका ओळीतल्या एका शब्दाची किंमत काय असते, ते नव्याने समजावून सांगायला नको.

मुख्याध्यापिका बाईंनी रजिस्टर आमच्या हातात दिलं नाही, आणि ते बरोबरच केलं. आम्ही ज्याचं नाव सांगू त्याची ओळ त्या वाचून दाखवायच्या, तीही तो माणूस समोर असेल तर.

त्या ओळींमधून बरंच काही निघालं. जन्मतारखांमध्ये १ जुलै भरपूर. बापाला तारीख माहीत नसायची, शाळा जुलैत उघडायची, गुरुजी सहा वर्षं मागे मोजून लिहायचे. आमच्या गटातल्या पाच जणांचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो आणि पाचही जणांच्या आयांनी वेगवेगळे ऋतू सांगितलेले. एक म्हणतात मी पोळ्याचा, एक म्हणतात मी संक्रांतीचा.

१९५६ च्या शेवटी वाड्यांमधली मुलं पटापट खारीज झालेली दिसतात. कारण एकच, वडिलांची बदली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, मध्यप्रदेशची राजधानी भोपाळला गेली, आणि कचेऱ्यांमागोमाग कारकुनांची घरं कुणी भोपाळला, कुणी मुंबईला गेली. मुलांच्या बाजूने पाहिलं तर राजधानी जाणं म्हणजे शेजारी बसणारा दिवाळीनंतर शाळेत न येणं. नागपूरच्या राजधानीपणाबद्दल आजवर पुष्कळ भाषणं झाली, पण ही बाजू मी पहिल्यांदा त्या वहीत पाहिली.

आणि मग जातीचा रकाना. नदीपलीकडच्या काकांची मोठी बहीण १९५३ ला दाखल झाली, तिच्यापुढे 'महार'. त्यांचा धाकटा भाऊ १९५७ ला, त्याच्यापुढे 'बौद्ध'. काका तेव्हा चौथीत होते आणि वडिलांबरोबर भावाचं नाव घालायला शाळेत आले होते. वडील गुरुजींना म्हणाले, आता बौद्ध लिहा. गुरुजींनी नव्या ओळीत लिहिलं, जुन्या ओळीला हात लावला नाही. एकाच आईची लेकरं, दोन जाती. पुढे महाराष्ट्र झाल्यावर राज्याने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या नोकऱ्यांमध्ये त्या १९९० च्या कायदा-दुरुस्तीनंतरच मिळाल्या. धाकट्या भावाने रेल्वेत अर्ज केला होता तो त्याच्या फार आधी. त्या घरात हा विषय अजून निघतो. वडिलांचं चुकलं असं मात्र कुणी म्हणत नाही.

इतकं सगळं सांगणारी वही पाण्याच्या माठाबद्दल एक अक्षर बोलत नाही. हे लक्षात घ्यायला हवं, कारण बँकवाल्या काकांचा त्यानंतरचा युक्तिवाद हाच होता की रेकॉर्डवर काहीच नाही. रेकॉर्ड ठेवणारा गुरुजी माठाजवळच्याच खोलीत बसायचा. कोण पाणी कसं पितं, याचा रकाना त्या वहीत कधीच नव्हता. मुलाची जात लिहायला जागा होती, ती जात शाळेत कशी वागवली गेली हे लिहायला नव्हती. त्यामुळे वहीत नाही याचा अर्थ झालं नाही, असा घेता येत नाही.

कागदावर शाळा काढा

यावर उपाय म्हणून सगळ्यांना कोरे कागद दिले आणि सांगितलं, शाळेचा नकाशा काढा. दार कुठे, विहीर कुठे, घंटा कुठे, तुम्ही कुठे बसत होता, पाणी कुठे. एकमेकांचं बघायचं नाही. पुष्कळांना ही पोरखेळाची गोष्ट वाटली, पण काढायला लागल्यावर कुणी उठेना.

दार, विहीर, घंटा, हेडमास्तरांची खोली, चौकातलं कडुनिंबाचं झाड हे सगळ्यांच्या कागदावर जवळजवळ एकाच जागी आलं. पाण्याची जागा मात्र एकसारखी आली नाही. वाड्यांमधल्या मुलांच्या नकाशात माठ तिसरीच्या खोलीच्या दाराशी, त्यावर झाकण, झाकणावर गडवा, म्हणजे तांब्या. विणकरांच्या मुलांच्या नकाशात माठ तिथेच. नदीपलीकडच्या तिघांच्या नकाशातही माठ तिथेच होता, पण त्यांनी आणखी एक जागा काढली होती. ओसरीच्या पायरीखाली, विहिरीच्या बाजूला, एक फुली. तिघांनी वेगवेगळे बसून काढलेली फुली एकाच पायरीखाली.

त्यातले एक काका म्हणाले, "तिथं आमी ओंजळ धरून उभं राहू. एक पोट्टा गडव्यानं वरून पानी टाके. तो आला नाही त् घरी जाऊनच पानी प्या."

म्हणजे माठ एकच होता. बँकवाल्या काकांचं वाक्य अक्षरशः खरं होतं. त्या फुलीपाशी काय चालायचं, हे त्यांच्या बसायच्या जागेवरून दिसतही नव्हतं. त्यांच्या नकाशात ते चौथीच्या खोलीत, भिंतीकडे तोंड करून, पहिल्या रांगेत. नदीपलीकडची मुलं दाराशी, शेवटच्या टाटपट्टीवर, कधी तीही नाही. आठवणी जुळत नाहीत तेव्हा कोण खोटं बोलतंय, हा प्रश्न आपल्या तोंडी पटकन येतो. या प्रकरणात मला तो प्रश्न निरुपयोगी वाटला. कोण कुठे बसत होतं, हे विचारल्यावर उत्तरं यायला लागली.

हीच गोष्ट एका आनंदाच्या आठवणीतही दिसली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, म्हणजे मिरवत नेऊन जाळायचा मोठा पुतळा. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं नागपूरकर अभिमानाने सांगतात. तान्हा पोळाही त्याच दिवशी. शाळेला सुट्टी, आणि 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी प्रत्येकाच्या लेखात आहे. पण वाड्यांमधल्या मुलांनी ती ओट्यावरून ऐकली, विणकरांची आणि तेल्यांची मुलं बडग्यांबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या दुसऱ्या पुतळ्यांबरोबर, चालत स्वतः ओरडत गेली. एकांच्या लेखात गर्दीचा धक्का आहे, घाम आहे, पाय चेंगरले आहेत. दुसऱ्यांच्या लेखात रंग आणि उंची. कुणी कुणाला खोटं ठरवलं नाही, कारण मारबतीत कुणाचं काही जात नव्हतं.

पाणी वाढणारा मुलगा

"एक पोट्टा" म्हणजे कोण, हे शोधावं लागलं नाही. त्यांचा लेख माझ्याकडे आधीच आलेला होता. निवृत्त शिक्षक, वाड्यांमधलेच, १९५४-५५ ला तिसरीत मॉनिटर. त्यांनी लिहिलं होतं, "मधल्या सुट्टीत पाणी वाढायचं मानाचं काम माझ्याकडे असे. ओंजळीत पाणी घालताना एक थेंब सांडू नये, असं गुरुजींनी शिकवलं होतं." हा परिच्छेद मी पहिल्या वाचनात एका गोड शाळकरी आठवणीसारखा वाचून पुढे गेलो होतो, आणि गटातल्या इतरांनीही.

त्यांच्या घरी जाऊन विचारलं, सर, सगळ्यांनाच तुम्ही पाणी वाढत होता का? ते म्हणाले, नाही, आमची मुलं हाताने घेत. मग कुणाला? ते म्हणाले, नदीपलीकडच्यांना. काही लपवायचं असावं असं त्यांच्या आवाजात नव्हतं. नकाशे दाखवल्यावर त्यांनी फुलीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, हो, ही पायरी. मी विचारलं, लेखातला 'मानाचं' हा शब्द ठेवायचा का? ते म्हणाले, "ठेवा. तेव्हा मला मानच वाटत होता. आज बरं वाटत नाही म्हणून तेव्हाचं मी कसं बदलू?"

या संपूर्ण कामात मला सगळ्यात प्रामाणिक वाटलेलं उत्तर हे.

हे थांबलं कधी, याचा अंदाज दुसऱ्या टोकाने लागला. १९६१ ला चौथी पास झालेले, त्याच नदीपलीकडच्या वस्तीतले एक काका सांगतात की ते स्वतः गडव्याने पाणी घ्यायचे. ओंजळीची गोष्ट त्यांनी मोठ्या भावाकडून ऐकली होती. घटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता १९५० ला संपवली, अस्पृश्यता गुन्हा कायदा १ जून १९५५ पासून लागू झाला, १९५६ ला दीक्षेनंतर वस्तीचा सूरच बदलला, आणि त्याच सुमाराला शाळेचे हेडमास्तरही बदलले. यातलं नेमकं कशामुळे थांबलं? नदीपलीकडचे म्हणतात, आमच्या बापांनी ओंजळ धरू नका म्हणून सांगितलं, पोरं घरून बाटलीत पाणी न्यायला लागली, मग शाळेनेच लाजून माठ मोकळा केला. वाड्यांमधले म्हणतात, नवे हेडमास्तर सुधारक विचारांचे होते. मला दोन्ही पटतात, पण क्रम पहिला असावा असं वाटतं. हेडमास्तर काय करू शकले असते, हा प्रश्न जुन्या हेडमास्तरांनाही लागू होतोच.

छापायचं काय

आता खरी ओढाताण सुरू झाली. गटात तीन मतं होती. काही म्हणाले, माठाचा विषय दोन्हीकडून काढून टाका, स्मरणिका आनंदाची असते. काही म्हणाले, 'काहींच्या मते पाणी वेगळं दिलं जाई' असं एक वाक्य टाका. हे 'काहींच्या मते' फार सोयीचं असतं. ज्याने ओंजळ धरली त्याच्या अनुभवाला ते मताच्या रांगेत नेऊन बसवतं. तिसरं मत नदीपलीकडच्या काकांचं आणि विणकरांच्या एका आजींचं होतं: जसं आलं तसं शेजारी शेजारी छापा, नकाशांसकट.

मी तिसऱ्या बाजूने उभा राहिलो. संपादकाने तटस्थ राहायचं असतं असं मला ऐकवलं गेलं. पण तो विषय काढून टाकणं हीदेखील बाजू घेणंच होतं, आणि ते मी तसं सांगितलं.

इतवारीतल्या एका माजी विद्यार्थ्याने मुखपृष्ठाचा खर्च उचलला होता, त्याने हात काढून घेतला. भांडण केलं नाही, फोन उचलणं बंद केलं. त्यामुळे मुखपृष्ठ रंगीत न होता एका रंगात झालं. दोघांनी आपले लेख परत मागितले, ते दिले.

बँकवाल्या काकांचं काय होणार याची सगळ्यांना धास्ती होती. ते नकाशे बघायला आले, बराच वेळ बघितले, पण आपलं चुकलं असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मी पाहिलं नाही ते मी पाहिलं असं लिहिणार नाही." मी म्हटलं, तसं कुणी मागतही नाही. दोन दिवसांनी त्यांनी दुरुस्ती पाठवली. 'आमच्या शाळेत जातपात नव्हती' याच्या जागी त्यांनी लिहिलं, 'मला शाळेत जातपात दिसली नाही'. पुढचं एकाच माठाचं वाक्य त्यांनी तसंच ठेवलं. त्याच्या समोरच्या पानावर नदीपलीकडच्या काकांचं ओंजळीचं, त्यांच्या बोलीत, जसं ते बोलले तसं. प्रमाण मराठीत करून देतो असं एकाने सुचवलं होतं. काका म्हणाले, कायले?

नोंदवहीतल्या ओळी छापल्या नाहीत, फोटोही नाही. ज्यांच्या परवानगीने आम्ही वाचल्या त्यांनी ती वाचण्यापुरती दिली होती, आणि बाकीच्यांना तर आम्ही विचारलंही नव्हतं.

जे गटात नव्हते

रजिस्टरमधली आणखी एक गोष्ट स्मरणिकेत पोचली नाही, आणि ती माझ्या मते माठाइतकीच मोठी आहे. मुलींची नावं पहिलीत बऱ्यापैकी दिसतात, चौथीपर्यंत विरळ होतात. खारीजचं कारण घरकाम, भावंडं सांभाळणं किंवा नुसतं 'गैरहजर'. विणकरांच्या आणि मिलमजुरांच्या मुलीच त्यात जास्त. माजी विद्यार्थी म्हणजे चौथी पास झालेला, असं गटाने न ठरवताच ठरवलं होतं, त्यामुळे या कुणाला बोलावणंच गेलं नाही. आता शोधायचं तर रजिस्टरमध्ये मुलीचं नाव आणि बापाचं नाव. लग्नानंतर दोन्ही बदललं. व्हॉट्सॲपवर त्या सापडणार नाहीत.

अडीचकी म्हणून दाखवणाऱ्या आजींनी यावर रस्ता काढला. त्या स्वतः त्याच विणकर वस्तीत दिल्या गेल्या. त्यांनी वस्तीतल्या भिशीत विचारलं, दुसरीत-तिसरीत शाळा सुटलेल्या कोण कोण आहात? एक मावशी सापडल्या. त्या म्हणाल्या, "मी त् दुसरीतच सुटली. माही आठवण घेऊन काय करता?" मग त्यांनी ओसरीतली बसायची जागा सांगितली, गुरुजींचं टोपणनाव सांगितलं (ते छापता येणार नाही), आणि पाण्याचं विचारल्यावर म्हणाल्या की मुलींना माठाजवळ जायलाच नको वाटायचं, कारण तिथे तिसरीचे पोट्टे उभे असायचे, म्हणून त्या तहान मारून घरी जायच्या. म्हणजे पाण्याचा तिसराच नकाशा.

त्यांचा कागद आता माझ्याकडे आहे. स्मरणिका छापून झालेली असल्यामुळे आजींनी ठरवलंय की आठ पानांची पुरवणी काढायची, फक्त मध्येच शाळा सुटलेल्यांची. बँकवाल्या काकांनी तिच्या कागदाचे पैसे देतो म्हणून कळवलं आहे. छपाईचे कुठून येणार ते अजून ठरलेलं नाही. मुख्याध्यापिका बाईंना आणखी ओळी वाचून दाखवायला वेळ आहे तो परीक्षा संपल्यावर.